लिटन रोड ते कोपर्निकस मार्ग : पाऊस, दुष्काळ आणि हिवताप यांच्या संबंधाचा इतिहास

१. प्रास्ताविक

नवी दिल्लीतील मंडी हाऊस चौकातून इंडिया गेटच्या षट्कोणाकडे जाणारा कोपर्निकस मार्ग मराठी माणसाला परिचित आहे तो मुख्यतः महाराष्ट्र सदनामुळे. २०१३ मध्ये कस्तुरबा गांधी मार्गावर नवे सदन उभे राहिले, तरी जुने सदन याच मार्गावर आहे. याच मार्गावरील फरीदकोट हाऊसमध्ये, म्हणजे एका संस्थानिकाच्या जुन्या निवासात, २०१० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे कामकाज चालते. ब्रिटिश काळात या रस्त्याचे नाव लिटन रोड असे होते. लॉर्ड लिटन १८७६ ते १८८० या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. आणि हीच चार-पाच वर्षे दख्खनच्या व उत्तर भारताच्या इतिहासात आधी अवर्षण, नंतर अतिवृष्टी आणि तिच्या पाठोपाठ तापाची साथ या क्रमासाठी ओळखली जातात.

पाऊसमान आणि हिवताप यांचा संबंध अलीकडे 'हवामानबदला'च्या संदर्भात वारंवार चर्चिला जातो. ही चर्चा नवी आहे असा समज बराच रूढ आहे. वस्तुतः दिल्ली आणि तिच्या आसमंतातील प्रदेश हा या संबंधाच्या अभ्यासाचे एक आद्य क्षेत्र आहे. रोगाचे कारण कोणालाही ठाऊक नव्हते तेव्हापासून, म्हणजे १८४० च्या दशकापासून, येथे पाणी, जमीन आणि ताप यांची मोजणी सुरू झाली. प्रस्तुत निबंधात या अभ्यासपरंपरेचा मागोवा घ्यावयाचा आहे. त्यातून एक निष्कर्ष पुढे येतो. साथीचे वर्ष कोणते, हे पुष्कळ अंशी पाऊस ठरवतो. त्या वर्षी माणसे किती मरतील, हे मात्र जमिनीवरील पाण्याची व्यवस्था, धान्याचा भाव आणि राज्यकर्त्यांचे धोरण यांवर अवलंबून राहिले आहे.

२. नाव, ऋतू आणि नोंदी

'हिवताप' या मराठी नावात रोगाचे लक्षण आहे : हिंव भरून येणारा ताप. 'मलेरिया' या इटालियन शब्दात दूषित हवेची जुनी कल्पना आहे. आयुर्वेदाने तृतीयक, चतुर्थक असे पाळीच्या तापाचे प्रकार विषमज्वराखाली सांगितले. आजच्या मराठीत मात्र 'विषमज्वर' हा शब्द टायफॉइडसाठी रूढ झाला आहे. जुन्या कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्याने हा अर्थबदल ध्यानात ठेवावयास हवा.

अडचण केवळ शब्दांची नाही. एकोणिसाव्या शतकातील मृत्युनोंदी गावपातळीवर पंजाबात चौकीदार आणि मुंबई इलाख्यात पोलीस पाटील यांच्यामार्फत होत. त्यांना रोगनिदानाचे शिक्षण नव्हते. पटकी आणि देवी सहज ओळखता येत. उरलेले बहुतेक मृत्यू 'ताप' या एकाच सदरात जात. असे असूनही या नोंदी निरुपयोगी ठरत नाहीत, कारण हिवतापाला ऋतू आहे. वायव्य भारतात पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये पडतो आणि तापाचे मृत्यू ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकदम वाढतात. मृत्यूचे सदर संदिग्ध असले तरी शरदातील ही वाढ संदिग्ध नसते, आणि अभ्यासकांनी तिचाच आधार घेतला आहे.

या ऋतुमानामागील कारण रोनाल्ड रॉस यांच्या १८९७ मधील सिकंदराबाद येथील शोधानंतर स्पष्ट होत गेले. अ‍ॅनॉफेलिस डासाची मादी रुग्णाला चावल्यावर रोगजंतूची वाढ डासाच्या शरीरात पूर्ण व्हावी लागते. या वाढीला लागणारा काळ तापमानावर अवलंबून असतो. प्रचलित गणिताप्रमाणे फाल्सिपेरम या घातक जातीच्या जंतूला २० अंश सेल्सिअसला सुमारे २८ दिवस, २५ अंशांना सुमारे १२ दिवस आणि ३० अंशांना सुमारे ८ दिवस लागतात. डास तेवढे दिवस जगला तरच रोग पुढे जातो, आणि त्याचे आयुष्य हवेतील आर्द्रतेवर अवलंबून असते. दिल्लीच्या मे-जूनमधील कोरड्या उष्म्यात डास फार काळ तगत नाही. जानेवारीच्या थंडीत जंतूची वाढ थांबते. पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि त्यापुढील काही आठवडे एवढाच काळ दोन्हींना अनुकूल. पाऊस लांबला तर हा काळ लांबतो, पाऊस ओसरला तर आखडतो. पावसाच्या लहरीपणाचा रोगावर इतका परिणाम होतो तो यामुळे.

३. कालवा आणि पाणथरी

यमुनेच्या पश्चिमेकडील कालव्याचा इतिहास फिरोजशहा तुघलकापर्यंत मागे जातो. मोगलकाळात त्याची एक शाखा दिल्लीत आली आणि अठराव्या शतकात ती गाळाने बुजली. कंपनी सरकारने १८१७ नंतर जीर्णोद्धार हाती घेतला आणि १८२० मध्ये दिल्लीत पुन्हा पाणी खेळू लागले. पुढील वीस वर्षांत कालव्याकाठच्या गावांतून आणि विशेषतः कर्नालच्या लष्करी छावणीतून तापाच्या तक्रारी येऊ लागल्या. अखेर कर्नालची छावणी सोडून द्यावी लागली. तेव्हा गंगेच्या नियोजित कालव्याचा विचार चालू होता. पाटबंधाऱ्यांमुळेच रोग वाढतो काय, हा प्रश्न त्यामुळे महसुलाच्या दृष्टीनेही निकडीचा झाला.

१८४५ साली सरकारने मेजर बेकर, शल्यचिकित्सक डेम्पस्टर आणि लेफ्टनंट हेन्री यूल यांची समिती नेमली. तिचा अहवाल १८४७ मध्ये आला. ('हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशाचे पुढे सहकर्ते झालेले ते हेच यूल.) तापाचे कारण अज्ञात असताना ताप मोजावयाचा कसा, या पेचावर डेम्पस्टर यांनी एक साधी युक्ती काढली. वारंवार हिवताप झालेल्या माणसाची प्लीहा, म्हणजे बोलीतील पाणथरी, वाढते आणि पोट चाचपून ती कळते. गावोगावी किती जणांची पाणथरी वाढलेली आहे, हे पाहून त्यांनी गावांची तुलना केली. प्लीहा-प्रमाण म्हणून हिवतापशास्त्रात पुढे शतकभर जी पद्धत मान्य झाली, तिचा उगम येथे आहे.

समितीचा निष्कर्ष आजही वाचण्यासारखा आहे. कालवा आहे म्हणून ताप आहे, असे तिला आढळले नाही. जेथे कालव्याच्या उंच भरावाने पावसाच्या पाण्याची नैसर्गिक वाट अडवली होती आणि चिकण जमिनीत पाणी तुंबत होते, तेथे पाणथरीचे प्रमाण अधिक होते. निचरा चांगला असलेल्या गावांत, कालवा जवळ असूनही, ते कमी होते. म्हणजे पाऊस तोच, कालवाही तोच. फरक उताराचा आणि निचऱ्याचा. त्यानंतर रेल्वेचे आणि रस्त्यांचे भराव उत्तर भारतभर पडत गेले आणि समितीने दाखवलेला दोष अनेक ठिकाणी पुन्हा घडला.

४. लिटन यांची कारकीर्द : अवर्षणानंतरचा पाऊस

१८७६ चा मोसमी पाऊस दख्खनमध्ये चुकला. सोलापूर, अहमदनगर, सातारा, पुणे आणि कलादगी या जिल्ह्यांची स्थिती बिकट झाली. १ जानेवारी १८७७ रोजी लिटन यांनी दिल्लीच्या उत्तरेस राणी व्हिक्टोरियाच्या सम्राज्ञीपदाचा दरबार भरवला, तेव्हा हा दुष्काळ ऐन भरात होता. मदतकार्यावरील मजुरांना दिवसाकाठी एक पौंड धान्याच्या हिशेबाने मजुरी देण्याचे सर रिचर्ड टेंपल यांचे धोरण, त्याविरुद्ध मजुरांनी कामे सोडणे आणि पुणे सार्वजनिक सभेने सरकारकडे केलेले लेखी पाठपुरावे, हा भाग मराठी वाचकांस ज्ञात आहे.

या दुष्काळाच्या इतिहासात एक गोष्ट मात्र सहसा मागे पडते. मृत्यूंचा मोठा वाटा पाऊस पडला नाही तेव्हाचा नसून पाऊस परत आला तेव्हाचा आहे. १८७७ मध्ये उत्तर भारतातही पाऊस फसला. १८७८ मध्ये तो परतला, आणि १८७९ मध्ये वायव्य प्रांतांत व पंजाबात जोराचा झाला. पाठोपाठ तापाने असंख्य माणसे मेली. एलिझाबेथ व्हिटकम या इतिहासकार विदुषीने दुष्काळांतील मृत्यूंचा अभ्यास करताना या उत्तरकालीन हिवतापाकडे लक्ष वेधले आहे. अवर्षणाच्या काळात डास कमी, म्हणून रोगाचा संपर्क कमी. संपर्क कमी, म्हणून विशेषतः लहान मुलांच्या अंगी प्रतिकारशक्ती नाही. त्यात दोन वर्षांची उपासमार. जनावरे मेलेली, बियाणे खाऊन संपलेले. अशा लोकसंख्येवर पहिला भरघोस पाऊस पडतो तेव्हा शेत हिरवे होते आणि घर तापाने आडवे होते. नांगर धरणारा हातच अंथरुणावर असल्यामुळे पुढचा हंगामही बुडतो. सरकारी दृष्टीने पाऊस पडला की दुष्काळ संपे आणि मदतकार्ये आवरती घेतली जात. मृत्यूची वाढ नेमकी तेथून सुरू होई.

५. १९०८ : मोजलेली साथ

हा क्रम आकड्यांनी सिद्ध झाला तो १९०८ च्या साथीनंतर. १९०७ चा पाऊस फसला होता आणि धान्याचे भाव चढले होते. १९०८ चा पावसाळा विलक्षण जोराचा झाला. त्या शरदात पंजाबात ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या दोन महिन्यांत तीन लाखांहून अधिक माणसे तापाने मेली. दिल्ली तेव्हा पंजाब प्रांतातच होती. पुढच्या वर्षी सरकारला सिमल्यास हिवतापविषयक परिषद बोलवावी लागली.

सॅम्युएल रिकर्ड ख्रिस्टोफर्स यांचा 'मलेरिया इन द पंजाब' हा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. १८६८ पासूनच्या चाळीस वर्षांतील मृत्युनोंदी पावसाच्या आणि धान्याच्या भावाच्या नोंदींशी ताडून त्यांनी साथीच्या वर्षांची मांडणी केली. १८७९, १८९२, १९०० आणि १९०८ ही त्यांतील ठळक वर्षे. त्यांच्या मते केवळ अतिवृष्टीने भयानक साथ होत नाही. अतिवृष्टी आणि टंचाई या दोन गोष्टी एकत्र आल्या की सौम्य रोगही संहारक होतो. हिवतापाच्या एका निष्णात शास्त्रज्ञाने गव्हाचा भाव हा साथीचा घटक म्हणून मोजला, ही वैद्यकाच्या इतिहासातील साधी घटना नव्हे.

ख्रिस्टोफर्स यांच्या मांडणीवर पंजाबच्या आरोग्य खात्यातील क्लिफर्ड गिल यांनी १९२० च्या दशकात साथीचे अंदाज वर्तवण्याची पद्धत उभारली. जुलै-ऑगस्टचा पाऊस, शाळकरी मुलांतील पाणथरीचे प्रमाण, धान्याचा भाव आणि त्या भागाचा साथींचा पूर्वेतिहास हे त्यांचे घटक. शरदापूर्वी अंदाज जाहीर करावा आणि धोक्याच्या भागांत क्विनीन आधी पोचवावे, हा हेतू. हवामानाच्या आधारे रोगाची पूर्वसूचना देण्याचे जगातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक होय. त्याच दशकात, १९२४ मध्ये, भारतीय वेधशाळा खात्याचे प्रमुख सर गिल्बर्ट वॉकर यांनी मोसमी पावसाचा शोध घेताना प्रशांत महासागरावरील वायुभाराच्या 'दक्षिणी आंदोलना'चे नामकरण केले. मूळ हवामानातील आंदोलन आणि त्याचे रोगरूप परिणाम एकाच देशात, एकाच सरकारचे दोन अधिकारी अभ्यासत होते. दोहोंची सांगड मात्र पुढे सत्तर वर्षांनी घातली गेली.

६. नव्या राजधानीची जागा

१५ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज यांनी नव्या राजधानीचे पायाभरणीचे दगड दिल्लीच्या उत्तरेस, दरबाराच्या परिसरात बसवले. ती जमीन सखल आणि यमुनेच्या पुराखाली जाणारी होती. नगररचना समितीने उत्तरेकडील जागेचा विचार करून ती नाकारली. पूर आणि आरोग्य ही त्यामागील महत्त्वाची कारणे होती. राजधानी दक्षिणेकडे रायसीनाच्या उंचवट्याशी आली आणि आजच्या कोपर्निकस मार्गाचा परिसर तिचा भाग झाला. १९०८ ची आठवण ताजी असताना हा निर्णय झाला, हे विसरता येत नाही.

जागा बदलली तरी डास मागे राहिला नाही. बांधकामासाठी माती काढल्याचे खड्डे, विहिरी, हौद, कारंजी यांतून त्याला पाणी मिळत राहिले. १९३० च्या दशकात राजधानीत डासनिर्मूलनाची स्वतंत्र व्यवस्था करावी लागली. १९३८ मध्ये मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया कसौलीहून दिल्लीस आली. तिचेच १९६३ मध्ये राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेत रूपांतर झाले. हवामान खात्याचे मुख्यालयही सिमला आणि १९२८ नंतर पुणे असा प्रवास करून १९४४ मध्ये दिल्लीत स्थिरावले.

७. पाऊस एक, परिणाम निराळे

पंजाब-दिल्लीच्या अनुभवावरून 'अधिक पाऊस म्हणजे अधिक हिवताप' असे सूत्र बांधणे चुकीचे ठरेल. सह्याद्रीच्या पायथ्याशी, जुन्या मुंबई इलाख्यातील कानडा जिल्ह्यात, मुसळधार पावसात ओढे दुथडी भरून वाहतात आणि डासांच्या अळ्या वाहून जातात. पाऊस ओसरून ओढ्याची धार संथ झाली, की स्वच्छ वाहत्या पाण्यात अंडी घालणारा फ्लुव्हिएटिलिस डास वाढतो. डी. के. विश्वनाथन यांनी १९४५ नंतर कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत डी.डी.टी. फवारणीचे जे मोठे प्रयोग केले, त्यांची पार्श्वभूमी अशा पायथ्याच्या हिवतापाची होती.

मुंबईचा प्रकार आणखी वेगळा. तेथील स्टीफन्साय हा डास माणसाने साठवलेल्या पाण्यात वाढतो. चार्ल्स बेंटले यांनी १९११ च्या अहवालात शहरातील उघड्या विहिरींकडे बोट दाखवले. विहिरी बंद करण्याच्या आदेशांना धार्मिक कारणांवरून, विशेषतः पारशी समाजातून, विरोध झाला आणि महापालिकेला तडजोडी कराव्या लागल्या. विहिरींची जागा पुढे गच्चीवरील टाक्यांनी आणि बांधकामावरील साचलेल्या पाण्याने घेतली. २०१० साली मुंबईत सुमारे ७६ हजार रुग्णांची आणि १४५ मृत्यूंची नोंद झाली. पावसाने त्या साथीला ऋतू दिला, पण डासांची पैदास होण्याच्या जागा शहराने स्वतः निर्माण केल्या होत्या. पाणीटंचाईत घरोघरी पिंपे भरून ठेवली जातात, तेथे कमी पाऊसही या डासाला उपकारक ठरू शकतो.

श्रीलंकेचे उदाहरण पंजाबच्या अगदी उलट आहे. तेथे १९३४ मध्ये पाऊस फसला, वाहत्या नद्यांची डबकी झाली आणि १९३४-३५ च्या साथीत सुमारे ८० हजार माणसे मेली. डास तोच, पंजाबात पावसाने वाढणारा क्युलिसिफेसिस. पंजाबच्या कोरड्या मैदानात त्याला पूर हवा होता, लंकेच्या ओल्या प्रदेशात अवर्षण.

८. एल निन्यो आणि स्वातंत्र्योत्तर अनुभव

बौमा आणि व्हान डर के यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पंजाबातील आणि श्रीलंकेतील ऐतिहासिक साथी एल निन्योच्या वर्षांशी ताडून पाहिल्या. पंजाबात एल निन्योच्या पुढच्या वर्षी साथीचा संभव सुमारे पाचपट होतो, तर श्रीलंकेत एल निन्योच्याच वर्षी सुमारे चौपट, असे त्यांना दिसले. गिल आणि वॉकर यांच्या समांतर रेषा येथे प्रथम स्पष्टपणे जुळल्या. १८७७ चा प्रबळ एल निन्यो आणि त्यानंतरचा ताप यांचा अर्थही यामुळे अधिक उमगतो.

या निष्कर्षाला एक इतिहाससिद्ध मर्यादा आहे. १९०८ नंतर पंजाबात पूर थांबले नाहीत, डास संपले नाहीत, आणि डी.डी.टी. येण्यास अजून चार दशके होती; तरी तापाच्या मृत्यूंत फार मोठी घट झाली आणि १९०८ सारखा संहार पुन्हा झाला नाही. शीला झुरब्रिग यांनी पंजाबच्या अभ्यासातून याचे श्रेय मुख्यतः दुष्काळनिवारणाच्या सुधारलेल्या व्यवस्थेला आणि तीव्र उपासमार ओसरण्याला दिले आहे. पुढील हिवतापशास्त्राने पाऊस आणि डास लक्षात ठेवले, ख्रिस्टोफर्स यांचा टंचाईचा घटक मात्र विस्मृतीत गेला, असाही त्यांचा आक्षेप आहे. तो गंभीरपणे घ्यावा असा आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होत असा अंदाज होता. १९५३ चा नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ चा निर्मूलन कार्यक्रम यांमुळे १९६५ मध्ये रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. १९७६ मध्ये ती पुन्हा ६४ लाखांवर गेली. ही उसळी पावसाने समजावून देता येत नाही. कीटकनाशकांना डासांनी दाद न देणे, निधीची चणचण आणि विजय मिळाला या समजुतीतून आलेली ढिलाई ही तिची कारणे. याउलट १९९४ मध्ये पश्चिम राजस्थानच्या वाळवंटात झालेल्या साथीत अतिवृष्टी होती, पण इंदिरा गांधी कालव्याच्या पाण्याने बदललेली जमीनही होती. डेम्पस्टर यांना ती ओळखीची वाटली असती. २०२३ मध्ये देशात नोंदलेले रुग्ण सव्वादोन लाखांच्या घरात होते आणि २०३० पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट आहे.

९. समारोप

दीडशे वर्षांहून अधिक काळाच्या या इतिहासातून हवामानाचा प्रभाव नाकारण्याचे कारण मिळत नाही. तापमान वाढले तर थंड प्रदेशांत रोगाचा ऋतू लांबेल, पावसाची लहर वाढली तर अवर्षण आणि अतिवृष्टी यांची जुनी जोडी अधिक वेळा समोर येईल, ही भीती साधार आहे. परंतु हवामानावर सारा दोष टाकला की निचरा अडवणारा भराव, वेळेआधी आटोपलेले मदतकार्य आणि दुर्लक्षित टाकी या तिन्ही गोष्टी दृष्टीआड होतात. आणि ज्या गोष्टी माणसाच्या हाती आहेत, त्या नेमक्या याच आहेत. पावसाचा अंदाज वर्तवणाऱ्या यंत्रणा आज गिल यांच्यापेक्षा कितीतरी समर्थ आहेत. त्यांच्या अंदाजाशेजारी धान्याचा भाव आणि मुलांचे पोषण हे दोन रकाने पुन्हा भरले जावेत, अशी अपेक्षा या इतिहासाच्या अभ्यासकाने करणे अप्रस्तुत ठरू नये.

मराठी प्रदेशापुरते बोलावयाचे तर १८७६ ते १८७९ या काळातील तापाच्या मृत्यूंची जिल्हावार आणि महिनेवार छाननी हा संशोधनाचा महत्त्वाचा विषय आहे. दुष्काळाची मराठीतील स्मृती भुकेची आणि स्थलांतराची आहे. पावसानंतरच्या तापाला तीत फारसे स्थान मिळालेले नाही. सोलापूर-साताऱ्याच्या ज्या घरांतील माणसे १८७८ चा पाऊस पाहून परतली आणि त्यानंतर तापाने गेली, त्यांची गणना दुष्काळबळींत करावयाची की नाही, हा केवळ आकडेवारीचा प्रश्न नाही. त्याच्या उत्तरावर दुष्काळ कधी संपला हे ठरते, आणि सरकारची जबाबदारी कोठवर होती हेही.